ओंजळ आणि सव्वादोनचा चुडा

साताऱ्यात कुमुदिनी रासन्यांना चेहऱ्यानं ओळखणारी माणसं पुष्कळ होती. त्या मात्र माणसं ओळखायच्या हातावरून. बाजारात समोरून कुणी येऊन "काय कासारकाकू, बऱ्या ना?" म्हटलं की त्यांची नजर आधी मनगटाकडे जायची आणि मग चेहरा उजळायचा. "अगं, अडीच ना तू? पोटफोडेंची थोरली!" पोटफोडेंची थोरली तोवर दोन मुलांची आई होऊन मुख्याध्यापिका झालेली असायची, पण काकूंच्या लेखी ती बांगडीच्या मापानं अडीचच.

चाळीस वर्षं त्यांनी बांगड्या भरल्या होत्या. बांगडी हातात घालणं हे काम वाटतं तितकं साधं नाही. बांगडी काचेची, म्हणजे ती काही ऐकून घेत नाही. ऐकायचं ते हातानं. म्हणून हात आधी चोळून, दाबून मऊ करायचा, अंगठ्याचा गड्डा आणि करंगळीखालचा गड्डा यांची तळहातात भेट घडवायची, आणि ती भेट चालू असतानाच बांगडी वरून सरकवायची. हे सगळं होत असताना गिऱ्हाइकाला बोलण्यात गुंतवायचं. त्यासाठी काकूंचं एक ठरलेलं वाक्य होतं. "दुखणार नाही हं. तिकडे बघ." तिकडे म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडराकडे. त्यावर एक धबधबा होता आणि साल दोन हजार एकोणीस होतं. आता दोन हजार एकेचाळीस चालू होतं, पण आजवर एकाही गिऱ्हाइकानं ती चूक दाखवली नव्हती. तोवर बांगड्या भरून झालेल्या असायच्या.

रासन्यांच्या दुकानाचा एक रिवाज होता. बांगडी भरताना गिऱ्हाइकाच्या तोंडून "आई गं" निघालं, तर कासार हरला. त्यानं बांगड्या खाली ठेवायच्या आणि त्या हाताला नमस्कार करायचा. सासूबाईंना असा नमस्कार जन्मात दोनदा करावा लागला होता, आणि त्या दोन्ही बायकांची नावं त्या मरेपर्यंत विसरल्या नव्हत्या. काकूंची पाटी कोरी होती. चाळीस वर्षांत एकही "आई गं" नाही.

त्या आठवड्यात मात्र त्यांना स्वस्थता नव्हती. सोमवारी एक नवरी मुलगी आली. तिचा हात हातात घेऊन काकूंनी अंगठा आत वळवला, तर तो निम्म्यात थांबला. भिंतीला लागावा तसा.

"दुखतंय का गं?"

"नाही काकू."

"मग आखडतेस कशाला?"

"मी कुठे आखडतेय? तुम्ही करा की."

काकूंनी पुन्हा दाबलं. मुलगी शांतपणे धबधबा बघत होती. अंगठा तसूभरही हलला नाही. शेवटी तिला एक माप मोठं दिलं. ते तिच्या मनगटावर भोवऱ्याच्या रिंगणासारखं फिरत राहिलं. बुधवारी आणखी एक तसाच हात आला, गुरुवारी दोन. काकूंना आधी वाटलं, आपलं वय झालं. रात्रीच्या भाकऱ्या थापताना त्यांनी स्वतःचे अंगठे तपासून पाहिले. अंगठे होते तसेच होते, दणकट आणि आगाऊ.

शुक्रवारी त्यांच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली. गिऱ्हाईक जाताना नमस्कार करी, तो नमस्कार पूर्वीसारखा चपटा राहिला नव्हता. दोन्ही तळव्यांमध्ये लिंबू धरल्यासारखी पोकळी असे. देवळातले गुरव खूश होते, कारण अलीकडे तीर्थ घेताना कुणाच्या हातून थेंब सांडत नव्हता. भाविकता वाढल्याचं ते सांगत. नाट्यगृहात टाळ्यांचा आवाज बसला होता, पण त्याचा दोष सगळ्यांनी नाटकांना दिला होता.

काकू मात्र गल्ल्यावर बसल्या बसल्या अस्वस्थ झाल्या. कारण या आकाराचा हात त्यांनी पाहिलेला होता. तो बनवण्यात त्यांचा हात होता.

*

सात वर्षांपूर्वी अनिमिष गोसावी नावाचा एक इंजिनिअर पुण्याहून त्यांच्या दुकानात आला होता. तो बांगड्या घ्यायला आलेला नव्हता. तो कोपऱ्यातल्या स्टुलावर दिवसभर बसून नुसता बघत राहिला, तेव्हा काकूंनी त्याला दोनदा चहा पाजला आणि तिसऱ्यांदा विचारलं, "तुझं लग्न ठरत नाहीये का?"

मग त्यानं आपलं दुःख सांगितलं. तो व्हिडिओ गेमचे कंट्रोलर बनवी. ज्यांनी ही वस्तू हातात धरलेली नाही त्यांच्यासाठी सांगायचं, तर पडद्यावरच्या माणसाला पळवायला, उडवायला आणि मारायला जे दोन हातांत धरून दाबतात ते. सुरुवातीला ती एक चौकोनी डबी होती, तिला एक दांडा आणि एक लाल बटण. खेळ संपला की तळहातावर डबीचे चार कोपरे उमटलेले असायचे. पुढे डबीची पट्टी झाली. मग पट्टीला धरायला दोन शिंगं फुटली, अंगठ्यांखाली दोन छोटे दांडे आले, तर्जनीखाली बंदुकीसारखे घोडे आले, पोटात थरथर आली. एका खेळात दांडा तळव्यानं गरागरा फिरवून पोरांचे हात सोलले, तेव्हा कंपनीनं दांडा तसाच ठेवून हातमोजे वाटले. पन्नास-साठ वर्षं हुशार माणसं झटली, पण प्रत्येक कंट्रोलर बनला तो सरासरी हातासाठी.

"सरासरी हात कुणाचा असतो?" काकूंनी विचारलं होतं.

"कुणाचाच नसतो, काकू. तेच तर."

"मग आमच्याकडे का नाही आलात आधी?"

अनिमिषजवळ एक युक्ती होती. स्नायू काम करतो तेव्हा त्यात विजेच्या बारीक लहरी उठतात. ताज्या स्नायूत त्या भराभर उठतात, दमत चाललेल्या स्नायूत संथ होत जातात, आणि हे माणसाला "हात दुखला बुवा" असं वाटायच्या कितीतरी आधी घडतं. त्या लहरी कातडीवरून ऐकता येतात. त्यानं कंट्रोलरच्या सालीत चौदाशे चिमुकले कप्पे केले होते. त्यांत एक तेल होतं, विजेचा दाब दिला की घट्ट होणारं, काढला की पातळ होणारं. म्हणजे हात दमू लागल्याचं ऐकू आलं की कंट्रोलरनं केसभर आकार बदलायचा; इथे फुगायचं, तिथे बसायचं, भार दुसऱ्या स्नायूवर न्यायचा. यंत्र तयार होतं. फक्त कुठे, किती आणि केव्हा सरकायचं, हे त्याला शिकवणारं कुणी नव्हतं.

"तुम्ही हात धरता आणि दुखायच्या आधी सोडता," अनिमिष म्हणाला होता. "ते तुम्हाला कसं कळतं?"

"हात सांगतो."

"मग मलाही ऐकू द्या."

दोन वर्षं काकू तारा लावलेले हातमोजे घालून बांगड्या भरत होत्या. त्यांच्या बोटांनी केव्हा दाबलं, केव्हा सैल सोडलं, याच्या लाखभर नोंदी झाल्या. त्यातून जे यंत्र जन्मलं त्याचं नाव ठेवलं ओंजळ. हातात घेतलं की ते हाताला असं बसे, की आपण काही धरलंय हेच विसरायला होई. जाहिरातीत काकूंचा फोटो होता आणि खाली त्यांचंच वाक्य: दुखणार नाही हं.

आणि खरंच दुखलं नाही. पोरं खेळू लागली. मग पोरांचे बाप खेळू लागले. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की जे न दुखता आठ तास खेळता येतं, त्यावर न दुखता आठ तास कामही करता येईल. ट्रॅक्टर, क्रेन, खाणीतली यंत्रं, गल्लीतले कचरा उचलणारे रोबो, सगळं ओंजळीवर चालू लागलं. कुणी तिला सोडेना. सोडायला काही कारणच उरलं नव्हतं.

*

दुकान बंद करून काकू घरी आल्या तेव्हा त्यांची मुलगी केतकी मागच्या खोलीत बसून दीडशे मैलांवरच्या बंदरातली क्रेन चालवत होती. तिच्या हातात ओंजळ होती. पडद्यावर एक लालभडक खोका, खोलीएवढा, जहाजावरून अलगद उचलला जात होता.

"केतू, हात दे."

"आई, जहाज लागलंय. दहा मिनिटं."

काकू दाराशी उभ्या राहिल्या. दहा मिनिटांची पन्नास झाली. तेवढ्या वेळात केतकीनं एकदाही हात झटकला नाही, बोटं मोडली नाहीत, की मान खाजवली नाही. काम संपलं तरी तिनं ओंजळ ठेवली नाहीच, उलट खेळ लावला. तिकडून तिचा होणारा नवरा शार्दूल खेळत होता. दोघांचं जमलं होतं तेही खेळातच. एका राक्षसाला मारताना.

"आता तरी दे."

केतकीनं पडद्यावरची नजर न काढता डावा हात पुढे केला. काकूंनी अंगठा आत वळवला. तो थांबला. अगदी तिथेच.

"दुखतंय?"

"छे."

पंचवीस दिवसांवर लग्न होतं. केतकीच्या बारशाला सासूबाईंनी स्वतः निवडलेला चुडा कपाटात कापसात गुंडाळून ठेवलेला होता. गडद हिरव्या काचेच्या एकवीस बांगड्या, सव्वादोनच्या. रासन्यांच्या पोरी सव्वादोनच्याच असतात, असं सासूबाई म्हणाल्या होत्या आणि केतकी अठराव्या वर्षी बरोबर सव्वादोनची झाली होती. ती काच बनवणारी भट्टी केव्हाच विझली होती. दुसरं माप मिळणार नव्हतं.

"क्लिपच्या आणू या ना," केतकी म्हणाली. "उघडतात, लावतात. ढीगभर मिळतात."

"क्लिपच्या बांगड्या कासाराच्या मुलीला?"

"मग मोठ्या घाल. कोण बघतंय?"

"मी बघतेय," काकू म्हणाल्या. "केतू, मूठ वळ बघू. अंगठा आत घालून."

केतकीनं वळली. अंगठा बाहेरच राहिला. तिनं क्षणभर त्याच्याकडे बघितलं, खांदे उडवले आणि पुन्हा राक्षसाकडे वळली. काकूंना वाटलं, दुखतंय म्हणाली असती तर किती बरं झालं असतं.

*

दुसऱ्या दिवशी त्या पुण्याला कंपनीत पोचल्या. अनिमिषनं त्यांना सगळीकडे फिरवलं. तक्रार विभागाच्या जागी टेबल टेनिसची खोली झाली होती.

"तीन वर्षांत एकही तक्रार नाही, काकू! जगात असं कुठलं यंत्र नसेल. त्या विभागातली माणसं बसून बसून कंटाळली, म्हणून हे टेबल आणलं."

टेबलावर धूळ होती. "खेळत नाही कुणी?"

"बॅट हाताला बसत नाही म्हणतात."

काकूंनी खुर्ची ओढली. "अनिमिष, हात दे."

"बांगड्या भरताय?"

"दे म्हणते ना."

त्यांनी त्याचा अंगठा आत वळवला. तो थांबला. अनिमिष हसत होता. मग त्यानं स्वतःच जोर लावून पाहिला आणि हसायचा थांबला. उजवा हात पाहिला. मग खिडकीतून बाहेर पाहिलं, तिथे कॅलेंडर नव्हतं तरी.

"असं कसं झालं? दुखत तर नाही."

"म्हणूनच झालं. अरे, पूर्वी ती तुमची डबी टोचायची, तेव्हा पोरगं काय करायचं? ठेवायचं खाली. हात झटकायचं, बोटं मोडायचं, मूठ उघडझाप करायचं, पाणी प्यायला उठायचं. सांधा पुरता फिरायचा. आता टोचत नाही, म्हणून कुणी ठेवत नाही. बारा तास हात एकाच आकारात. न वापरलेली दोरी आखडते तशी अंगठ्याखालची शीर आखडते. वाढत्या वयाच्या पोरांचं तर विचारूच नकोस."

अनिमिषनं आपला अंगठा पुन्हा एकदा वळवून पाहिला. "पण काकू, तुम्हाला हे आधी नव्हतं माहीत?"

हा प्रश्न येणार, हे काकूंना सातारा सोडतानाच ठाऊक होतं.

"माहीत होतं," त्या म्हणाल्या. "बांगडी भरताना एक क्षण असा येतो की थोडं दुखावंच लागतं. गड्ड्याला गड्डा भिडतो तेव्हा. त्याशिवाय हात वळत नाही. पण आमच्यात आई गं ऐकलं की हरलो. म्हणून तेवढा क्षण मी बोलण्यात लपवते. तुझे हातमोजे घातले होते तेव्हाही लपवला. तेवढ्या वेळेपुरता हातमोजा सैल केला, दाब नोंदला जाऊ नये म्हणून. तुझ्या यंत्रासमोर कशाला नाक कापून घ्या, म्हटलं."

"दोन वर्षं?"

"दोन वर्षं. एकही आई गं नोंदलं जाऊ दिलं नाही."

अनिमिषनं डोकं धरलं. धरताना त्याचे हात डोक्याला नीट चिकटले नाहीत. "बरं, आता करायचं काय?"

"टोचायला लाव."

"काय?"

"वीस मिनिटांनी एकदा टोचलं पाहिजे. ठेवून हात झटकेपर्यंत."

"अहो काकू, साठ वर्षं लागली माणसाला ते टोचणं घालवायला! आणि कंपनीचा नियम आहे. वापरणाऱ्यानं लेखी मागितल्याशिवाय यंत्रात बदल होत नाही. कोण मागणार, की मला टोचा म्हणून?"

तरी तो उठला. टेबल टेनिसच्या टेबलावर संगणक ठेवून त्यानं दोन तासांत एक छोटा प्रोग्राम लिहिला. त्याचं नाव ठेवलं चिमटा. वीस मिनिटं झाली की अंगठ्याखालच्या कप्प्याला हरभऱ्याएवढा उंचवटा यायचा; ओंजळ खाली ठेवून अंगठा आतबाहेर केल्याशिवाय तो जायचा नाही.

"हे फक्त एका ओंजळीत चालेल," तो म्हणाला. "केतकीच्या. तुमच्या फोनवरून टाका. आणि तिला सांगा."

काकूंनी मान डोलावली. सांगितलं मात्र नाही. केतकी साड्या बघायला गेली असताना त्यांनी फोन ओंजळीजवळ धरला, आणि काम झालं.

*

त्यानंतर घरातली शांतता गेली.

केतकी वीस मिनिटांनी उठू लागली. उठली की काय करावं ते तिला कळत नसे. ती खिडकीशी जाई, गॅलरीत जाई, डबे उघडून पाही. तिची बोटं कुठे स्वस्थ राहीनात. ती जेवताना ताटावर ठेका धरी, दारांच्या कड्या वाजवी. एका दुपारी ती न सांगता कणीक तिंबायला बसली आणि चार माणसांच्या घरी पुरेल एवढी तिंबून ठेवली. बोटं मोडण्याचा आवाज काकूंनी कित्येक वर्षांनी ऐकला आणि स्वयंपाकघरात तोंड लपवून हसल्या. संध्याकाळी त्या तेल लावून तिचा हात चोळत. अंगठा रोज भाताच्या शितभर पुढे सरके.

"काहीतरी बिघडलंय," केतकी म्हणे. "माझ्यात का ओंजळीत तेच कळत नाही. शार्दूल म्हणतो, तू पूर्वीसारखी शांत राहिली नाहीस. काल आमचं भांडण झालं."

"कशावरून?"

"लग्नानंतर राहायचं कुठे, यावरून. हा विषय दोन वर्षांत निघालाच नव्हता. खेळ मधे थांबतच नव्हता ना."

अकराव्या दिवशी चिमटा आला तो एक खोका हवेत असताना. केतकीचा अंगठा दचकला. खोका जहाजावर टेकला, पण हातभर वाकडा. खाली कुणी नव्हतं. कुणाला काही झालं नाही. चौकशी मात्र झाली. ओंजळीच्या पोटातली नोंद वाचली गेली, आणि त्यात चिमटा कुणाच्या फोनवरून आला तेही निघालं.

केतकी दुकानात आली. दोन गिऱ्हाइकं बसली होती. काकूंनी तिच्याकडे पाहिलं आणि गिऱ्हाइकांना म्हणाल्या, "तुम्ही जरा उद्या या."

"खाली माणूस असता तर?" केतकी म्हणाली.

काकूंनी समोरच्या बांगड्यांवरून फडकं फिरवलं.

"बोल ना आई. खाली खलाशी असतो कधीकधी. दोरी सोडवायला."

"माझं चुकलं."

"मला सांगितलं असतंस तर?"

"तू ऐकलं नसतंस."

"नसतं ऐकलं! मग भांडली असतीस. हात धरून ओढला असतास. तू काय केलंस? दुखणार नाही म्हणालीस आणि तिकडे बघ म्हणालीस. मला. गिऱ्हाइकासारखं." तिनं भिंतीवरच्या धबधब्याकडे हात केला. "ते साल तरी बदल गं. लहानपणापासून बघतेय."

"केतू, चुड्यासाठी नाही केलं मी. म्हणजे चुड्यासाठीही केलं. पण हात—"

"हात माझा आहे," केतकी म्हणाली. "चिमटा ठेवायचा की काढायचा ते मी ठरवीन. आणि मला विचारू नकोस."

ती गेली. काकू बांगड्यांच्या रिकाम्या खोक्यासमोर बसून राहिल्या. मग उठून त्यांनी कॅलेंडर काढलं. खिळ्याभोवती भिंतीचा जुना रंग चौकोनी दिसू लागला, तो कॅलेंडराहूनही जुना होता.

पुढचे बारा दिवस मायलेकी बोलल्या त्या अक्षतांच्या डब्यांबद्दल, आहेराच्या याद्यांबद्दल आणि हलवाई फोन का उचलत नाही याबद्दल. तेल चोळणं बंद झालं. मागच्या खोलीचं दार लावलेलं असे. काकू येता-जाता कान लावत. कधी बोटं मोडल्याचा आवाज यायचा, पण तो बोटांचा होता की खेळातल्या राक्षसाच्या हाडांचा, हे दाराआडून सांगता येत नव्हतं.

*

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी चुडा भरायला घर भरलं. पाटाभोवती रांगोळी, बाजूला तांदळाचं ताट, नारळ, हळदकुंकू. मावश्या, आत्या, मैत्रिणी दाटीवाटीनं बसल्या. अनिमिषही आला होता आणि दाराशी उभा होता. केतकी पाटावर बसली तेव्हा मैत्रिणींनी टाळ्या वाजवल्या. पोकळ, दबक्या, उशीवर पडल्यासारख्या. एकटीच्या टाळ्या तेवढ्या खणखणीत होत्या. त्या ऐंशी वर्षांच्या आत्याबाई, ज्यांनी जन्मात कंट्रोलर धरला नव्हता.

काकूंनी कापूस उलगडला. एकवीस बांगड्या उन्हात हिरव्यागार चमकल्या. शेजारी एका मावशीनं हळूच क्लिपच्या बांगड्यांचं खोकं आणून ठेवलं होतं, वेळ पडली तर असू दे म्हणून.

केतकीनं डावा हात पुढे केला. तिनं आईकडे पाहिलं नाही. खिडकीकडे पाहिलं.

काकूंनी हात हातात घेतला. चाळीस वर्षांची सवय. वाक्य ओठांवर येऊन उभंच होतं. त्यांनी ते गिळलं.

"केतू, दुखेल," त्या म्हणाल्या. "आणि तिकडे नको. इकडे बघ."

केतकी वळली. दोघींची नजर भेटली.

काकूंनी करंगळीखालचा गड्डा दाबला, मग अंगठा आत वळवायला घेतला. पूर्वी जिथे भिंत लागायची तिथे तो आला. आणि पुढे गेला. काकूंच्या बोटांना त्या एका क्षणात कळलं की मागच्या खोलीत बारा दिवस कोण कुणाची हाडं मोडत होतं. चिमटा काढलेला नव्हता. पण अजून बोटभर अंतर उरलं होतं, आणि ते तेलानं किंवा गोड बोलून जाण्यातलं नव्हतं. काकूंनी जोर लावला.

"आई गं!"

आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला. रासन्यांच्या घरचा रिवाज त्यांना माहीत होता. चाळीस वर्षांच्या कोऱ्या पाटीवर पहिली रेघ ओढायला पोटची पोर निघाली होती.

काकूंनी बांगड्या ताटात ठेवल्या. दोन्ही हात जोडले आणि मुलीच्या हाताला नमस्कार केला. चपटा, तळव्याला तळवा भिडलेला.

"झालं का?" केतकी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. "मग थांबलीस का? घाल ना."

पहिली बांगडी गेली. दुसरी गेली. प्रत्येक बांगडीला केतकी "आई गं" म्हणत होती, आणि हळूहळू मैत्रिणीही तिच्याबरोबर म्हणू लागल्या. अकरा डाव्या हातात, दहा उजव्या. उजवीकडची सातवी वाढली. म्हणजे तडकली, पण चुड्यातली बांगडी फुटली असं म्हणायचं नसतं. काकूंनी तुकडा उचलून बाजूला ठेवला. चुडा विसाचा झाला. समसंख्या चालत नाही म्हणून आत्याबाईंनी स्वतःच्या हातातली एक जुनी हिरवी काढून दिली. तीही सव्वादोनची निघाली.

केतकीनं दोन्ही हात हलवले. काच वाजली.

गर्दी पांगल्यावर अनिमिष पुढे आला. त्याच्या हातात फोन होता आणि चेहऱ्यावर, तीन वर्षांत पहिल्यांदाच, काम असलेल्या माणसाची काळजी होती.

"काकू, तक्रार आलीय."

"कसली?"

"ओंजळीबद्दल. आठ दिवसांपूर्वी. वापरणाऱ्याची लेखी तक्रार, म्हणजे नियमाप्रमाणे मला तिच्यावर काम करावंच लागणार. आणि सुधारणा द्यायची ती सगळ्या ओंजळींत, म्हणजे चिमटाही सगळ्यांत. आम्ही टेबल टेनिसचं टेबल हलवलं." त्यानं फोन त्यांच्यापुढे धरला. धरणारा अंगठा अजून आत वळत नव्हता. "यानंतर माझा हात बघाल का? मी रांगेत थांबतो."

काकूंनी चष्मा लावला. तक्रारीखाली केतकीचं नाव होतं. तिनं कंपनीला लिहिलं होतं:

'माझी ओंजळ दर वीस मिनिटांनी टोचते. त्यामुळे सतत उठावे लागते, चिडचिड होते आणि घरच्यांशी बोलावे लागते. खोका हवेत असताना टोचू नये, एवढी सुधारणा करावी. बाकी कृपया दुरुस्त करू नये.'